भुईचा माल

तुर्भ्याच्या दाणाबाजारात, मधल्या गल्लीच्या तोंडाशी,
दुपारी दोनच्या सुमाराला ट्रक रिकामे होतात
आणि कौतिकबाई हिवाळे कामावर येते.
कुणी बोलावलेलं नसतं. हजेरीपट नाही.
एक केरसुणी, दोन चाळण्या, सूप,
आणि इंदूरच्या कुठल्याशा गिरणीचं नाव छापलेलं पोतं.

माझ्याकडे बावीस पानांची प्रश्नावली.
फॉर्ममागे एकशे चाळीस रुपये,
रद्द झाला तर शून्य.

व्यवसाय? मी विचारते.
'भुईचा माल.'
म्हणजे माथाडीच्या पाठीवरून वखारीत जाईपर्यंत
जो सांडतो, आणि सांडल्यावर
कुणाचाच नसतो, तो.
यादीत असा संकेतांक नाही.
मी 'इतर'भोवती गोल करते.
'इतर'पुढची रेघ एवढीशी,
तिच्यावर 'भुई' मावते, 'माल' नाही.

प्रश्न एकतीस.
गेल्या पाच वर्षांत कुटुंबाला बसलेला आर्थिक धक्का.
एकच पर्याय निवडा.

'धक्का?' सूप थांबतं.
'धक्का बसाया आधी उभं असावं लागतं ना बाई.
आमचं काम सगळं बसूनच.'
आणि हसते, मिश्रीने काळ्या झालेल्या दातांनी, मोकळं.

मग सांगत जाते, मी न विचारलेलं.
तागाची गोणी होती तेव्हा आकडा लावून उचलायचे.
'लोखंडी आकडा, बरं का. तुमचा कागदावरचा नव्हं.'
दर खेपेला मूठभर तूर खाली.
त्या मुठीमुठीत थोरलीचं लग्न झालं.
मग प्लॅस्टिकच्या गोण्या आल्या, आकडा गेला,
धाकटी बारावीवर थांबली.
'हे हाये का तुझ्या कागदात?'

मी पानं उलटते. नोटाबंदी आहे, साथ आहे,
आग, पूर, कर्त्या माणसाचा मृत्यू.
गोणी बदलली, हे नाही.

'आणि मंदी? ती कशी कळते तुम्हाला?'
हा प्रश्न माझा. छापलेला नव्हता.

'शेठ लोक बोलत न्हाईत. पेपर मला येत न्हाई.
पण बऱ्या दिवसांत फाटक्या गोणीकडं कोण बघतं?
सांडलं तर सांडलं.
ज्या दिवशी मेहताजी गादीवरून उठून
सुई-सुतळी घेऊन भोक शिवाया बसतो,
त्या दिवशी मी घरी जाऊन सुनेला सांगते,
पोराची फी आत्ताच भरून टाक.
सहा महिन्यांनी मग तुझ्यासारखं कुणीतरी येतं,
विचारत.'

बेलापूरला, सातव्या मजल्यावर,
डॉ. टिपणीस पडद्यावर निळी रेघ दाखवतात.
इथे घसरण. इथे तळ. इथून सावरणं.
असंघटित क्षेत्र, ते म्हणतात, स्पंजासारखं असतं,
सगळं शोषून घेतं.
मी हात वर करून सुई-सुतळीचं सांगते.
'रंजक आहे,' ते म्हणतात, 'पण एकच निरीक्षण.'
बरोबर आहे.
माझे दिवाळीपासूनचे पैसे अडकलेत,
तेही एकच निरीक्षण.

बाहेर पडताना दिसलं, लेखापाल गोखरे
वापरलेले लिफाफे उसवून, उलटे करून,
पुन्हा गोंद लावत बसलेत.
एका ओळीत वाळत घातलेले, पंख्याखाली.
मी जिन्यातच थांबले थोडी.
घरी फोन लावला. काय सांगावं सुचेना,
म्हटलं, नव्या फ्रिजचं राहू दे.

निघताना कौतिकबाईने ओंजळभर दिलं होतं,
'निवडून घे, खडा असतो.'
तूर, मसूर, हरभरा, मटकी,
कुठल्या कुठल्या गावांची, एकाच कागदात.
रात्री निवडलं नाही. नुसतं धुतलं
आणि कुकरला लावलं.
चार शिट्ट्या.
मसूर कुठे गेली ते कळलंसुद्धा नाही.
हरभरा तसाच होता,
दाताखाली आला.